मक्यात सोयाबीन: कोण किती खातंय (खरीप नोंदी, कोल्हापूर)

९ जून

मान्सून अजून टेकलेला नाही पण वळवाचे तडाखे बसून गेलेत, रान मऊ आहे, म्हणून आज मातीचे नमुने काढून घेतले. रान आमचंच, हातकणंगले तालुक्यातलं, वरची पट्टी मध्यम काळी आणि ओढ्याकडची खालची पट्टी चुनखडीची, तिथं नांगर घातला की पांढरे खडे वर येतात. मोठा प्रयोग वरच्या पट्टीत आणि खालच्या पट्टीत एक छोटा, त्याचं नंतर लिहीन.

थीसिसचा प्रश्न एवढाच आहे की मका आणि सोयाबीन शेजारी शेजारी लावल्यावर नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस), पालाश (पोटॅशियम) कोण कुठनं किती उचलतंय. गावात कुणालाही विचारा, उत्तर तयार आहे, "सोयाबीन हवेतलं नत्र वडतंय आणि मक्याला देतंय." शाळेच्या पुस्तकातही आम्ही तसंच वाचलं होतं. हे "देतंय" मला पहिल्यापासून खटकतं. झाड दुसऱ्या झाडाला कशाला काय देईल, आणि देत असेल तर कुठल्या वाटेनं?

नमुने शून्य ते पंधरा सेंटिमीटर आणि पंधरा ते तीस असे वेगवेगळे घेतले. उपलब्ध नत्र अल्कलाइन परमँगनेटनं, स्फुरद ओल्सेन पद्धतीनं, पालाश अमोनियम अ‍ॅसिटेटनं, म्हणजे नेहमीचंच. आपल्या काळ्या रानाचा सामू (पीएच, म्हणजे आंबट-खारटपणाचं माप) आठच्या आसपास, त्यामुळं स्फुरदाला ओल्सेनच बरोबर.

१९ जून

वाफसा आला, म्हणजे माती पेरण्याजोगी ओलसर-मोकळी झाली, पेरणी उरकली.

मांडणी अशी: नुसता मका, नुसती सोयाबीन आणि एक ओळ मका दोन ओळी सोयाबीन. या तिन्हींना युरियाचे तीन थर, बिलकुल नाही, अर्धा, पूर्ण. खरीप मक्याची शिफारस हेक्टरी १२०:६०:४० किलो नत्र, स्फुरद, पालाश आहे, पूर्ण म्हणजे त्यातलं १२० किलो नत्र. स्फुरद सगळ्या प्लॉटला सारखंच आणि ते सिंगल सुपर फॉस्फेटमधनं दिलं, डीएपीमधनं नाही, कारण डीएपीत १८ टक्के नत्र असतं आणि मग "बिलकुल नाही" या प्लॉटला काही अर्थच राहत नाही. दुकानदार डीएपीच घ्या म्हणून मागं लागलेला, त्याला हे समजावत बसलो असतो तर वाफसा गेला असता.

सोयाबीन फुले संगम, केडीएस ७२६. कसबे डिग्रजच्या केंद्राचा वाण, तांबेऱ्याला दमदार. आपल्या पट्ट्यात, म्हणजे कोल्हापूर-सांगलीत, तांबेरा हमखास येतो आणि तांबेऱ्यानं पानं गळली तर माझं अख्खं शोषणाचं गणितच गळालं, म्हणून हाच घेतला. बियाण्याला आधी बुरशीनाशक, ते सुकल्यावर ब्रॅडीरायझोबियमचं, म्हणजे मुळावर गाठी करून हवेतलं नत्र धरणाऱ्या जिवाणूंचं, कल्चर, दहा किलोला अडीचशे ग्रॅम, सावलीत वाळवून लगेच पेरलं. स्फुरद विरघळवणाऱ्या जिवाणूंचं पाकीट मुद्दाम बाजूला ठेवलं, नाहीतर शेवटी स्फुरद कुणामुळं सुटलं तेच कळणार नाही.

आबांनी कुरी धरली होती. त्यांच्या लहानपणी जोंधळ्यात तूर घालायची असली की कुरीमागं मोघणा (दुसरं बी सोडायची नळी) बांधायचे, मग ऊस आला, बागायत झाली आणि मोघणा माळ्यावर गेला, तो अजून तिथंच असणार. मी म्हणलं काढू या, तर म्हणाले "वाळवीनं ठेवला आसंल तर काढ."

३० जून

उगवण बरी आहे. मक्याच्या पोंग्यात लष्करी अळी दिसायला लागलीय, सापळे लावले. नांग्या भरल्या. यापेक्षा जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

घरी परसात कुंड्यांचा उद्योग चालू केलाय. प्रत्येक मोठ्या कुंडीत मधोमध पडदा, एका बाजूला मका एका बाजूला शेंगवर्गीय. पडदे तीन तऱ्हेचे: प्लास्टिकचा, म्हणजे मुळं पण जाणार नाहीत आणि पाणी पण नाही, बारीक नायलॉन जाळीचा, म्हणजे मुळं अडतील पण पाण्यात विरघळलेलं पलीकडं जाईल, आणि तिसऱ्यात पडदाच नाही. जाळीसाठी सगळीकडं फिरलो, शेवटी लक्ष्मीपुरीत स्क्रीन प्रिंटिंगचं सामान विकणाऱ्याकडं मिळाली, लग्नपत्रिका छापायची ती जाळी. त्याच्याकडची सगळ्यात बारीक मागितली तर म्हणाला इतकी बारीक कशाला, फोटो छापायचाय काय. म्हणलं मुळं अडवायचीत. गप्प बसला.

१४ जुलै

सोयाबीन उपटून गाठी बघायला सुरुवात केली. उपटून म्हणजे ओढून नाही, खुरप्यानं ढेकूळच उचलायचं आणि बादलीत भिजत घालायचं, ओढलं की गाठी मातीतच राहतात आणि आपण म्हणतो गाठी कमी आहेत.

गाठी पोसायला लागल्यात. ब्लेडनं कापली की आत गुलाबी-लालसर दिसते, तो लेगहिमोग्लोबिनचा रंग, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या कुळातलाच. त्याचं काम गाठीतला ऑक्सिजन मोजून मापून पोचवायचं, कारण नत्र फोडणारं नायट्रोजनेज एन्झाइम ऑक्सिजन लागला की मरतं आणि जिवाणूला तर श्वास घ्यायला ऑक्सिजन पाहिजेच. पांढरी गाठ म्हणजे अजून कोवळी, हिरवट-तपकिरी म्हणजे संपलेली. गाठी नत्र आणतात हे १८८८ मध्ये जर्मनीत हेलरिगेल आणि विल्फार्थनं दाखवून दिलं, त्याआधी शेतकऱ्याला माहीत होतंच पण कारण माहीत नव्हतं.

पहिला युरिया पेरणीवेळीच पडलाय त्यामुळं फरक आत्ताच दिसतोय. पूर्ण युरियाच्या प्लॉटमधल्या गाठी बारीक आणि विरळ, बिनयुरियाच्या टपोऱ्या. मातीत नायट्रेट आयतं मिळत असलं की सोयाबीन गाठीवर खर्च करत नाही. खर्च थोडाथोडका नाही, नत्राचा एक रेणू फोडायला एटीपीचे, म्हणजे पेशीच्या इंधनाचे, सोळा रेणू जातात, ती सगळी साखर पानानं खाली पाठवायची. आयतं मिळतंय तर कोण पाठवेल?

१८ जुलै

आजचा दिवस वसूल.

घरात काचेच्या दोन पाट्या घेऊन अगारचा प्रयोग केला. अगार म्हणजे किराणा दुकानात मिळतं ते चायना ग्रास, पण मी कॉलेजातलंच शुद्ध वापरलं, त्यात ब्रोमोक्रेसॉल पर्पल हा रंग घातला आणि सामू सहाच्या आसपास आणून ठेवला. हा रंग आम्ल झालं की पिवळा होतो, सामू वर गेला की जांभळा. वाळूत वाढवलेली रोपं काढून मुळं धुतली, पाटीवर पसरली, अगार कोमट झाल्यावर वरनं हळूच ओतलं. गरम ओतलं तर मुळं शिजतात. एका पाटीवर सोयाबीन, गाठीवर जगणारी, तिला नायट्रेट दिलेलंच नव्हतं. दुसऱ्यावर मका, त्याला नायट्रेट देऊन वाढवलेला.

तासाभरात काही नाही, दुपारचं जेवून आलो तर सोयाबीनच्या मुळाभोवती पिवळी कडा उमटायला लागलेली आणि मक्याच्या भोवती जांभळा पट्टा, फक्त मक्याच्या मुळाच्या वाढत्या टोकाला जरा पिवळट. संध्याकाळपर्यंत दोन्ही इतकं ठळक झालं की काकू बघून म्हणाल्या हे काय रांगोळी घातलीयास.

कारण असं. मका नत्र नायट्रेट म्हणून उचलतो, नायट्रेटवर ऋण भार, तो आत घेताना मूळ बाहेर हायड्रॉक्सिल-बायकार्बोनेट सोडतं, सामू चढतो. गाठीवाल्या सोयाबीनला नत्र हवेतनं, त्याला भारच नाही, पण कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅश हे धन भारवाले ती उचलतच असते, मग हिशोब जुळवायला मूळ हायड्रोजन आयन बाहेर टाकतं. माती आंबट होते. आणि आपल्या काळ्या रानात स्फुरद अडकून बसतो तो कॅल्शियमबरोबर, तो आम्लात सुटतो. म्हणजे नत्र हवेतनं घेतल्याचा परिणाम स्फुरदावर होतोय. नत्राचं वेगळं आणि स्फुरदाचं वेगळं असं प्रकरण लिहायचं मी ठरवलं होतं, आता ते जमेल असं वाटत नाही.

हरभरा तर याच्याही पुढचा. त्याच्या पानावरची आंब सगळ्यांना माहीत आहे, पहाटे धोतर फिरवून पिळून घ्यायचे, ती मुख्यतः मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्लं. मुळातनंही तो सेंद्रिय आम्लं सोडतो, आणि वर फॉस्फेटेज एन्झाइम, जे शेणखतातला, कुजलेल्या पाल्यातला सेंद्रिय स्फुरद फोडतं. शेजारच्या गव्हाला त्यातला वाटा मिळतो हे चीनमधल्या कुंडीप्रयोगात दिसलेलं आहे.

२७ जुलै

पाऊस थांबायचं नाव घेत नाही. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटाला इशारा आणि ४३ ला धोका, घरात सगळ्यांच्या फोनवर तेच मेसेज. आपलं रान नदीपासनं लांब आहे, पुराचं पाणी येत नाही पण वरचं पाणी तुंबतं. खालच्या कडेच्या तीन-चार वाफ्यांत पाणी उभं आहे, चर काढला, तरी हळूच उतरतंय.

पाणी उभं राहिलं की दोन गोष्टी होतात आणि दोन्ही नत्राच्याच. मातीत ऑक्सिजन संपला की जिवाणू नायट्रेटवर श्वास घेतात आणि त्याचा वायू करून हवेत सोडतात, म्हणजे दिलेला युरिया गेला. आणि गाठींना ऑक्सिजन कमी पडून त्यांचं काम मंदावतं. म्हणजे मक्याची शिदोरी पण गेली आणि सोयाबीनची पण. मका पिवळा पडलाय तो खालच्या पानांपासनं, पानाच्या टोकाकडनं मधल्या शिरेवर इंग्रजी व्हीसारखा, हे नत्राच्या कमतरतेचंच. हे वाफे हिशोबातनं वेगळे काढणार, पण नमुने मात्र घेऊन ठेवणार.

६ ऑगस्ट

उघडीप मिळाली, वाफसा आला, राहिलेला युरिया दिला. भांगलण पण झाली. भांगलायला आलेल्या मावशींनी न विचारता सांगितलं की बिनयुरियाच्या मिश्र प्लॉटमधला मका बिनयुरियाच्या नुसत्या मक्यापेक्षा हिरवा आहे, "ह्यो वाफा गडद हाय बघ." मी अजून काहीच मोजलेलं नव्हतं, त्यांनी नजरेनं सांगितलं आणि ते बरोबर होतं.

आबा हे ऐकत होते. "म्हंजे सोयाबीन देतंयच की मक्याला."

इथं थांबून जरा नीट लिहितो कारण सगळा प्रकल्प याच्यावर उभा आहे. उभ्या पिकात सोयाबीनच्या गाठीतनं मक्याला थेट नत्र जाणं अगदी किरकोळ असतं. मुळातनं थोडं झिरपतं, मेलेली मुळं-गाठी कुजून थोडं सुटतं, बुरशीच्या धाग्यांतनं थोडं जात असेल, पण एवढ्यानं मका गडद होत नाही. होतं ते असं: मक्याची मुळं झुपकेदार, जोरात धावतात, मातीतला नायट्रेट सोयाबीनच्या आधी तोच ओढून घेतो. सोयाबीनच्या वाट्याला मातीतलं कमी येतं, म्हणून ती गाठींवर जास्त अवलंबून राहते, तिच्या अंगातल्या नत्रात हवेतल्या नत्राचा टक्का वाढतो. आणि तिनं मातीतलं जेवढं सोडलं तेवढं मक्याला उरलं. दोन ओळी मक्याच्या असत्या तर त्या एकमेकींशी भांडल्या असत्या, इथं शेजारी भांडायला उभाच राहत नाही.

आबांना सांगितलं, समजा दोन भाऊ एका रानावर, एक इचलकरंजीला नोकरीला लागला, तर गावातल्याला रान जास्त उरतं, नोकरीवाला पैसे पाठवतोच असं नाही. आबा म्हणाले, "आणि घरात आयतं भागाय लागलं की नोकरीवालाबी परत येतोय." युरियाचं एवढं चांगलं स्पष्टीकरण मला कुठल्या पेपरात सापडलेलं नाही. पूर्ण डोस दिला की सोयाबीन मातीतलंच खायला लागते, गाठी सोडते, वर मका उंच होऊन तिच्यावर सावली धरतो आणि सावलीत साखर कमी म्हणजे उरल्यासुरल्या गाठी पण उपाशी.

टक्का वाढतो म्हणजे एकूण किलो वाढतात असं मात्र नाही, हे पण लिहून ठेवतो. सावलीमुळं मिश्र पिकातली सोयाबीन लहान राहते, टक्का चढला तरी हेक्टरी हवेतनं आणलेलं नत्र नुसत्या सोयाबीनपेक्षा कमीच भरू शकतं.

१७ ऑगस्ट

खालच्या चुनखडीच्या पट्टीतला भुईमूग. केवडा पडलाय. नवी पानं पिवळी-पांढरी, शिरा तेवढ्या हिरव्या, लोहाची कमतरता. माती तपासली तर लोह भरपूर निघेल, पण सामू जास्त, चुना जास्त, पावसात बायकार्बोनेट वाढतं, लोह विरघळतच नाही. आबांचा उपाय ठरलेला, हिराकस (फेरस सल्फेट) अर्धा टक्का, थोडं लिंबूसत्व घालून फवारायचं. मी हात जोडले, अजून चार दिवस थांबा.

कारण या पट्टीत मी भुईमुगात मक्याच्या ओळी घातल्यात, आणि जे दिसतंय ते असं की मक्याला लागून असलेली भुईमुगाची ओळ हिरवी आहे, तिसरी-चौथी ओळ पिवळी. ओळीच्या कडेनं वाकून बघितलं की उतरता रंग दिसतो, हिरवा, पोपटी, मग केवडा. मोबाईलमध्ये फोटो नीट येत नाही, ढग होते.

भुईमूग आणि मका लोह उचलतात वेगवेगळ्या युक्तीनं. भुईमूग मुळाभोवती आम्ल सोडतो आणि मुळाच्या पृष्ठभागावर न विरघळणाऱ्या फेरिक लोहाचं विरघळणारं फेरस करून आत घेतो. चुनखडीत ही युक्ती फसते, सोडलेलं आम्ल चुनाच खाऊन टाकतो. मका-गहू-बार्ली या गवतवर्गाची दुसरी तऱ्हा, ती मुळातनं फायटोसिडेरोफोर नावाचे रेणू सोडतात, ते मातीतल्या फेरिक लोहाला चिमट्यात धरून विरघळवतात आणि मूळ तो चिमटाच लोहासकट आत ओढतं. जपानच्या ताकागींनी ओट आणि भाताच्या मुळांच्या पाण्यात हे १९७६ मध्ये दाखवलं. बार्ली यात सगळ्यात दिलदार, मका त्यापेक्षा कंजूष, जोंधळा आणि भात आणखी. तरी मक्यानं सुटं केलेलं लोह शेजारच्या भुईमुगाला मिळतं, हे चीनच्या चुनखडीच्या रानांत मका-भुईमूग एकत्र लावून तपासलं गेलंय.

पण माझ्या रानात हेच घडतंय असं छातीठोकपणे म्हणायला मी तयार नाही. मका पाणी जास्त ओढतो, त्याच्या कडेची माती लवकर सुकते आणि माती सुकली तरी केवडा कमी होतो. दोन्हीचा परिणाम दिसायला एकच. म्हणून त्या कुंड्या. पडद्याच्या कुंड्यांत चुनखडीची माती भरून पाणी वजनानं मोजून सारखं ठेवतोय. जाळीच्या पलीकडचा भुईमूग प्लास्टिकच्या पलीकडच्यापेक्षा हिरवा निघाला तरच मक्याचं नाव घेणार.

२४ ऑगस्ट

निघाला. जाळीवाला आणि बिनपडद्याचा दोन्ही हिरवे, प्लास्टिकवाल्याला केवडा. आबांना हिराकस फवारायची परवानगी दिली, म्हणजे तसं त्यांनी परवाच अर्ध्या पट्टीला मारून घेतलं होतं.

२ सप्टेंबर

नमुने कापायचा दिवस. सोयाबीन दाणे भरण्याच्या अवस्थेत आहे आणि हीच वेळ गाठायची होती. काढणीपर्यंत थांबलं तर सोयाबीन सगळी पानं गाळते, मग शेंगा आणि काड्या मोजून आपण म्हणतो नत्र एवढं उचललं, गळलेल्या पानातलं गेलं कुठं? बरेच जण काढणीचेच आकडे देतात. मी आत्ताचे आणि काढणीचे दोन्ही घेणार, शिवाय दोन ओळींत खाली मच्छरदाणीचं कापड अंथरलंय पडणाऱ्या पानांसाठी.

झाडं जमिनीलगत कापली, पान, खोड, शेंग-कणीस वेगळं. कागदी पिशव्या, त्यावर पेन्सिल, कारण ओव्हनमध्ये पेनाची शाई उडते. ६५-७० अंशाला वजन स्थिर होईपर्यंत. कॉलेजचा एक ओव्हन बंद, दुसऱ्यासाठी रांग, त्यामुळं अर्धे नमुने आधी परसात सावलीला पसरले, हे बरं नाही, श्वसनात कोरडं वजन घटतं, पण ढिगात कुजण्यापेक्षा बरं.

सोयाबीनच्या देठांचा वेगळा गठ्ठा युराइडसाठी. सोयाबीन गाठीत तयार झालेलं नत्र वर पाठवते ते अ‍ॅलन्टॉइन, अ‍ॅलन्टॉइक आम्ल अशा युराइडच्या रूपात, आणि मातीतनं आलेलं नायट्रेट आणि अमिनो आम्लं म्हणून. देठातलं युराइडचं प्रमाण बघितलं की हवेतला वाटा किती याचा अंदाज येतो, समस्थानिकांचं महागडं मशीन नसलं तरी चालतं. तूर, उडीद, मूग, चवळीलाही ही पद्धत लागू पडते, भुईमुगाला आणि हरभऱ्याला नाही, ते अमाइड म्हणून पाठवतात.

२१ सप्टेंबर

प्रयोगशाळेत मुक्काम. नत्र केल्डाल पद्धतीनं. ही पद्धत १८८३ मधली, कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेतली, बिअरच्या बार्लीतलं प्रथिन मोजायला काढलेली, अजून तीच चालते. मक्याच्या खोडाच्या बुडख्यात नायट्रेट साठतं आणि साध्या केल्डालमध्ये ते धरलं जात नाही म्हणून सॅलिसिलिक आम्लवाली सुधारित पद्धत घेतली. स्फुरद व्हॅनाडोमोलिब्डेटच्या पिवळ्या रंगानं, पालाश फ्लेम फोटोमीटरवर.

सगळ्या आकड्यांचं थीसिसमध्ये होईल, इथं फक्त दिशा लिहितो.

पहिलं, टक्केवारी बघून काही कळत नाही. मिश्र आणि नुसत्या मक्याच्या पानातला नत्राचा टक्का जवळजवळ सारखाच दिसतोय, फरक वजनात आहे. झाड मोठं झालं की टक्का पातळ होतो, म्हणून शोषण म्हणजे टक्का गुणिले कोरडं वजन, दोन्ही पाहिजेत. आमच्या बॅचमधल्या एकानं नुसते टक्के लावून "फरक नाही" असं सेमिनारमध्ये सांगितलं होतं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या.

दुसरं, मिश्र प्लॉटमध्ये मक्यानं रानाचा तिसरा हिस्साच व्यापलाय, मग त्याचं हेक्टरी शोषण नुसत्या मक्याशी थेट ताडून चालत नाही, हिश्श्यानं ताडायचं. तसं ताडलं की बिनयुरियात मका हिश्श्यापेक्षा बराच वर आहे, सोयाबीन हिश्श्याच्या किंचित खाली, दोघांची बेरीज वर. अर्ध्या युरियातही वर. पूर्ण युरियात मका आणखी वर जातो, पण सोयाबीन इतकी खाली येते की बेरजेत फायदा जवळपास राहत नाही.

तिसरं, पालाश. मक्यानं धुवून नेलाय. तृणधान्याची मुळं एकेरी भाराचा पोटॅशियम चांगला ओढतात, शेंगवर्गीयांच्या मुळांवर ऋण भाराच्या जागा जास्त म्हणून दुहेरी भाराचे कॅल्शियम-मॅग्नेशियम त्यांच्याकडं जास्त जातात. सोयाबीनच्या जुन्या पानांच्या कडा मक्याला लागून असलेल्या ओळीत पिवळ्या दिसत होत्या ते यामुळंच असणार. आणि यात आपल्याकडची एक गोष्ट कुणी धरत नाही. मक्यानं उचललेला बहुतेक पालाश दाण्यात नसून ताटात असतो, ताट वैरण म्हणून गोठ्यात जातं, गोठ्यातनं शेणखत होतं आणि शेणखत पडतं उसाला. म्हणजे या पट्टीतला पालाश दरवर्षी मुकाट्यानं उसाच्या रानात चाललाय.

चौथं, स्फुरद. काही खास फरक नाही. सुपर फॉस्फेट सगळ्यांना पोटभर दिलं होतं, मग अगारवर दिसलेला तो पिवळा रंग रानात कशाला कामाला येईल. २००७ मध्ये ली लाँग आणि मंडळींनी मक्याला शेजारच्या बाकल्यामुळं (हा पण शेंगवर्गीयच) स्फुरद जास्त मिळतो हे जे दाखवलं ते स्फुरद कमी असलेल्या मातीतच.

१२ ऑक्टोबर

मका मोडला, सोयाबीन मळली. उत्पन्नाचं एलईआर काढायचं, म्हणजे मिश्र पिकाएवढं उत्पन्न वेगवेगळं काढायला किती पट रान लागलं असतं ते. रीत सोपी आहे, समजा नुसता मका हेक्टरी ६० क्विंटल, नुसती सोयाबीन २५, आणि मिश्रमध्ये ४२ आणि १२, तर ०.७० अधिक ०.४८ म्हणजे १.१८, एवढंच दोन वेगळ्या रानांत काढायला १८ टक्के रान जास्त लागलं असतं. हीच रीत नत्राच्या शोषणालाही लावता येते, मी लावतोय.

पुढच्या पिकाला काय उरलं हा प्रश्न आबांनी काढला, कारण याच पट्टीत शाळू (रब्बी ज्वारी) करायचाय आणि त्यांना वाटतं सोयाबीन होती म्हणजे खत कमी लागेल. मग पोत्यांपाशी बसूनच हिशोब केला. सोयाबीनमध्ये चाळीस टक्क्यांच्या आसपास प्रथिन, त्याला ६.२५ नं भागलं की ६.४ टक्के नत्र, म्हणजे एका क्विंटलबरोबर सहा-साडेसहा किलो नत्र बाजारात जातं. मक्याच्या क्विंटलबरोबर दीड किलोच्या आसपास. युरियाच्या ४५ किलोच्या पोत्यात ४६ टक्क्यांनी पावणेएकवीस किलो नत्र. तर तीन-सव्वातीन क्विंटल सोयाबीन विकली की एक पोतं युरिया विकल्यासारखं.

आबा पोत्यांकडं बघत राहिले, मग म्हणाले, "मग ऱ्हातंय काय खाली?"

राहतं ते गळलेली पानं, मुळं, गाठी, आणि भुसकट रानात परत टाकलं तर ते. आपण भुसकट एक तर जनावराला घालतो नाहीतर पेटवतो. हवेतनं आणलं त्यापेक्षा दाण्यातनं जास्त गेलं तर सोयाबीनच रानाचं नत्र घटवून जाते, हे गावात कुणाला पटणार नाही पण हिशोब तसा आहे. हिरवळीचं ताग-धैंचा गाडलं की नत्र वाढतं कारण त्यातलं काही बाजारात जात नाही. ठरलं ते असं की निम्म्या पट्टीत भुसकट पसरायचं, निम्म्यात नाही, आणि शाळूला दोन्हीकडं सारखं खत.

२९ ऑक्टोबर

गाईड सरांशी बोलणं झालं, पुढच्या वर्षीचा आराखडा. वरच्या पट्टीत अर्धा युरिया कायम ठेवायचा, पण नुसता मक्याच्या ओळीलगत, सोयाबीनच्या बाजूला टाकायचाच नाही. आणि पालाश वाढवायचा. ओळी एकास दोनऐवजी दोनास चार करून बघायच्या, सावली कमी होते का ते बघायला.

दुसरा भाग पश्चिमेला नेऊ या असं मी म्हणलं. इकडं शिरोळ-हातकणंगल्याला स्फुरद कॅल्शियमशी अडकतो, तिकडं राधानगरी-गगनबावड्याच्या तांबड्या आंबट मातीत तो लोहाशी आणि अ‍ॅल्युमिनियमशी बांधला जातो, तिथं आम्ल सोडून फायदा नाही. तिथं तूर पाहिजे. तुरीच्या मुळातनं पिसिडिक आम्ल सुटतं, ते लोहालाच धरतं आणि स्फुरद मोकळा होतो, हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या संशोधन संस्थेतल्या आए आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये 'सायन्स' मासिकात हे छापलं. त्या भागात नाचण्यात तूर घालणारे अजून काही जण आहेत. नाचणा-तूर, सुपर फॉस्फेटशिवाय आणि सुपर फॉस्फेटसह, जाळीच्या कुंड्या सोबत.

सर म्हणाले निधीचं बघू, आधी या वर्षीचे युराइडचे नमुने संपव. ते अजून फ्रीजरमध्येच आहेत, अभिकर्मक आलेले नाहीत. दिवाळीनंतर येतील म्हणतात. तोवर शाळू पेरून घेतो, भुसकट कालच पसरून झालंय.